डाव्या टोकाची फुली

४ मार्च
आज परत तेच. कॉम्प्युटरवर एकावर एक सोळा खिडक्या उघड्या, बंद एकही नाही. मी म्हटलं, बंद करा की एकेक. हे म्हणाले, "फुलीच नाही."

फुली म्हणजे खिडकी बंद करायची खूण. वरच्या पट्टीत, डाव्या टोकाला. मी चौथी नापास, मला दिसते. ह्यांनी वीस वर्षं याच्यावर दुकानांच्या पाट्या केल्या, ह्यांना दिसत नाही!

"ही काय, नाकासमोर," मी म्हटलं.
"कुणीतरी काढून टाकली असेल." आणि भिंतीकडे बघत बसले.

सोळाच्या सोळा मीच बंद केल्या. डोक्यात गुठळी झाली त्याला सात आठवडे झाले. डावी बाजू गेली होती. पाय परत आला, हात निम्मा आला. डॉक्टर म्हणाले कामाला बसवा. बसवलं. आता पुढे काय ते त्यांनीच येऊन सांगावं.

५ मार्च
माझ्याकडे बघतच नाहीत. विचारलं तर उत्तर देतात, पण भिंतीला.

७ मार्च
कशावरून चिडलेत ते मला माहीत आहे. कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते.

गुठळी झाली त्या दिवशी एका दवाखान्याची पाटी द्यायची होती. अक्षरं कापून व्हायची होती. मशीन चिकटकागद कापतं, मग नको तो भाग मी सुईने उचलते, ते तासाभराचं काम. आणि हा माणूस सकाळपासून कॉम्प्युटरच्या खिडकीची ती वरची पट्टी रंगवतोय. आधी राखाडी. मग जरा गडद राखाडी. मग पट्टी दोन केसांनी बारीक. मग पट्टीतलं खिडकीचं नाव मधोमध आणलं. दर वेळी मला हाक, "हे बघ, आता कसं वाटतं?" मला सगळं सारखंच वाटत होतं.

मी म्हटलं, "त्या पट्टीशीच लग्न लावायचं होतं. मला कशाला आणलीत?"

हसले नाहीत. एरवी हसतात. अर्ध्या तासाने खुर्चीतून खाली.

तेव्हापासून बघणं बंद. ताटातलंही अर्धं तसंच ठेवून उठतात. राग म्हणजे किती धरायचा.

९ मार्च
धाकट्या दिराला बोलावलं. सहा वर्षांनी घरात पाऊल टाकलं त्यांनी. दोघं भाऊ एकत्र काम करायचे तेव्हा कॉम्प्युटर एकच. सकाळी हे फुली डावीकडे न्यायचे, दुपारी धाकटे उजवीकडे आणायचे. लोक जमिनीवरून भांडतात, हे दोघे यावरून वेगळे झाले. कॉम्प्युटरवर फुकटातलं ते लिनक्स, कसंही फिरवता येतं म्हणे. फिरवता येतं म्हणूनच भांडण. नसतं फिरवता आलं तर बसले असते गप.

भावजींनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "वहिनी, दादाला डावीकडची फुली सापडत नाही, मग उजवीकडे नेऊ या. सोपं आहे."
"मग न्या."
"दादा मला फाडून खाईल."
"त्यांच्यात ताकद कुठे आहे आता," मी म्हटलं. नको होतं म्हणायला. भावजी खाली मान घालून काम करत राहिले.

पाच मिनिटांत पट्टी जाड झाली, फुली उजवीकडे. ह्यांनी पाहिलं. "हं. आता दिसतेय." बस, एवढंच. भाऊ शेजारी बसलाय, त्याला ये नाही की जा नाही. भावजी चहा न घेता गेले.

१० मार्च
चार खिडक्या स्वतः बंद केल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

१३ मार्च
आजारानंतरची पहिली पाटी आज केली ह्यांनी. शिंप्याची. मी अक्षरं उचलली, फळीवर लावली, आणि लांब जाऊन बघितलं तर सगळी अक्षरं उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसलेली. डावा अर्धा कोरा. मला वाटलं माझंच चुकलं. कॉम्प्युटरवर पाहिलं, तिथेही तसंच.

"हे काय केलंत?"
"छान झालीय की," भिंतीकडे बघून म्हणाले.

वाटलं मुद्दाम करतायत. मला छळायला. ती फळी पलंगाखाली सरकवून ठेवली.

१५ मार्च
व्यायामवाली बाई आली होती. पोरगी तिशीच्या आतली, पण तोंडाने माझ्यासारखीच फटकळ. मी तिच्यापुढे सगळं ओकले. राग, ताट, पाटी, भिंत.

ती म्हणाली, "काकू, काका चिडलेले नाहीत. त्यांच्या डोक्याला डावी बाजू आहे हेच कळत नाही. डोळे चांगले आहेत. पण डावीकडचं ताट, डावीकडची भाजी, डावीकडचा माणूस, काहीच नाही त्यांच्यासाठी."

माझं स्टूल टेबलाच्या डावीकडे असतं. उजवीकडे भिंत, तिकडे जागाच नाही. इतके दिवस मी तिथेच बसतेय.

मग तिने कॉम्प्युटर पाहिला. "हे बटण मुळात कुठे होतं?"
"डावीकडे. सापडत नव्हतं म्हणून उजवीकडे आणलं."
"कुणाची अक्कल?"
"माझी," मी म्हटलं. भावजींचं नाव कशाला घ्यायचं.
"तिकडे बघायची गरज पडली तरच मान वळेल. तुम्ही गरजच काढून घेतलीत. परत डावीकडे न्या. चांगलं लालभडक करा. आणि तुम्हीही डावीकडूनच बोला. तिथेच बसा. ते शोधतील."

सोय करायला गेले आणि होती नव्हती ती वाटही बंद केली.

१६ मार्च
भावजींनी फोनवर सांगितलं तसं एकेक दाबत गेले. तीन तास गेले. फुली डावीकडे गेली. तिच्याभोवती पट्टीचं टोक लाल केलं, दोन बोटं रुंद. बाकी पट्टी ह्यांच्या आवडीची, गडद राखाडी. नाव मधोमध. तेवढं मला आठवत होतं.

ह्यांनी टेबलावर हात आपटला. "काढली ना परत! काल होती!"
मी डावीकडून म्हटलं, "आहे. शोधा."
"कुठे?"
"आवाजाकडे."
भिंतीकडे बघून रडले. मी उठले नाही. बाई म्हणाली होती उठायचं नाही.

१९ मार्च
बावीस खिडक्या. मी एकही बंद केली नाही.

२१ मार्च
भावजी आले. मुद्दाम डावीकडेच उभे राहिले. "दादा, जिंकलास बघ, फुली डावीकडेच राहिली." हे म्हणाले, "कोण बोलतंय?" भावजी बाहेर जाऊन पायरीवर बसले. आज चहा घेतला.

२४ मार्च
एकतीस. कॉम्प्युटर रखडत चाललाय. माझंही तेच. बाईला विचारलं, किती दिवस? म्हणाली, सांगता येत नाही, काहींचं भान परत येतं, काहींचं नाही. मला खोटं बोललेली चालली असती.

२८ मार्च
सकाळी मी स्टुलावर बसून अक्षरं उचलत होते. बोलत नव्हते, बोलून बोलून घसा बसलाय. ह्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. नावावरून हळूहळू सरकवत नेलं, आंधळा भिंत चाचपत जातो तसं. लाल आलं तिथे थांबलं. बोटामागून मान वळली. फुली दाबली. एक खिडकी गेली.

मान तशीच आणखी थोडी वळली.
"अगं," म्हणाले, "तू कधी आलीस?"

आत्ताच, मी म्हटलं.