मातीत जाणारी पिशवी

३ मार्च
…आणि ताईचं म्हणणं अजून तेच, की एवढ्या लांब जाऊन मी टाक्या धुतो. धुतो. पण कसल्या टाक्या, ते बाईसाहेब विचारत नाहीत. या टाक्यांत जिवाणू असतात. त्यांना साखरेचा पाक घालायचा. खाऊन खाऊन ते पोटात प्लास्टिक साठवतात, आमचा सुपरवायझर पोटावर साठवतो तसं. मग ते काढून घ्यायचं (जिवाणूंचं) आणि त्याच्या पिशव्या करायच्या. जमिनीतलं तेल लागत नाही. वापरून झाली की पिशवी मातीत पुरा, मातीच होते. टाकी नीट धुतली नाही तर भलतेच जिवाणू शिरतात आणि सगळा माल नासतो. म्हणजे बघायला गेलं तर सगळं माझ्यावरच आहे.
ठरलं: ताईशी वाद घालायचा नाही. रोज एक इंग्रजी शब्द. आजचा, बायोडिग्रेडेबल. स्पेलिंग उद्या.

९ मार्च, दुपारची सुट्टी
स्पेलिंग फारच लांब आहे.
आईचा फोन. घरामागच्या तिच्या नर्सरीला मोठी ऑर्डर आली. बागेचं काम घेतलेला एक कंत्राटदार जूनमध्ये सगळी रोपं एकदम उचलणार. ते पैसे आले की डोळ्यांचं ऑपरेशन. दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर म्हणतात उशीर नको. आई म्हणते घाई काय आहे, मला रोपं हाताने कळतात.
रोपांसाठी तिला काळ्या पिशव्या विकत घ्यायच्या होत्या. मी थांब म्हटलं. रोप लावताना काळी पिशवी ब्लेडने फाडावी लागते. आमची असेल तर पिशवीसकट रोप खड्ड्यात. कंत्राटदार बघतच राहील. मग विचारेल, पिशव्या कुणाच्या? मग मी नोकरी सोडून घरी. एजन्सी. हे टाकीत उभं राहूनच सुचलं. मोठी माणसं अशीच कुठेतरी उभी असताना त्यांना सुचत असणार.

१४ मार्च
स्टोअरकीपरने छपाई वाकडी आलेल्या पिशव्यांचे खोके फुकट दिले. नेताना लॅबवाल्या मॅडमनी अडवलं. कुठे चालल्या, विचारलं. मी सगळा प्लॅन सांगितला. त्या म्हणाल्या, या पिशव्या रोप लावायच्या वेळेपुरत्या असतात. रोप महिनोन्‌महिने वाढवायला नाहीत. ओली माती, ऊन, रोजचं पाणी लागलं की आधीच विरायला लागतात. टिकाऊ जातीवर काम चालू आहे, अजून जमलेली नाही.
शिकलेल्या माणसांना दुसऱ्याची आयडिया पचत नाही. हो हो म्हटलं आणि पार्सल केलं.
इंग्रजी शब्द: फ्रॅजाइल. खोक्यावर छापलेलाच होता.

२ एप्रिल
पार्सल पोचलं. आईने शेजारच्या मुलीला हाताशी घेऊन सगळी रोपं आमच्या पिशव्यांत भरली. एकही काळी नाही. ताईचं मधेच, आधी चार-दोन भरून बघायच्या होत्या. ताई अशीच. लहानपणी पोहायला जाताना बादलीत पाय बुडवून बघायची. नशीब, आता दोन महिने सासरी आहे, सासूबाई घसरून पडल्यात. म्हणजे वाईटच झालं. पण नर्सरीत शांतता.

२० एप्रिल
आई खूश. म्हणाली, "तुझ्या पिशव्या हाताला किती मऊ लागतात रे. जुन्या धुवट कापडासारख्या."
सुपरवायझरला सांगितलं, ग्राहकाचा अभिप्राय आलाय. तो म्हणाला, तीन नंबरची टाकी राहिलीय. खोलीवर रेडिओला सांगितलं (माझा पार्टनर, झोपेतसुद्धा बोलतो म्हणून रेडिओ). तर तो म्हणे, प्लास्टिक मऊ पडणं चांगलं कसं? जळतो.

१५ मे
व्हिजिटिंग कार्डाचा नमुना काढला. नावाखाली 'संचालक' लिहिलंय. नुसतं 'मालक' बरं दिसेना.
जुलैपासून कायमची सुट्टी मागितली. सुपरवायझर म्हणाला आत्ताच गेलास तरी माझं काही अडत नाही. वर वर बोलतो.
मॅडमना मऊपणाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, भरल्या कधी? बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाल्या, आईंना म्हणावं एक पिशवी उचलून बघा. रविवारी आईला सांगणारच होतो, पण कार्डाचं सांगण्यात बॅलन्स संपला. पुढच्या रविवारी नक्की.
इंग्रजी शब्द राहिला. कामाचा लोड.

८ जून
ताईचा फोन. सासरहून आली आणि रोपं दारात आणून ठेवू म्हणून पहिली पिशवी उचलली. वरचा भाग हातात आला, बूड जमिनीवरच राहिलं. दुसरी, तिसरी, तेच. ओळीच्या ओळी. मुळं खालच्या जमिनीत गेलेली, ओढली की तुटतात. आई रोज दोन वेळा पाणी घालत होती. हाताला चिखल लागायचा, तर तिला वाटायचं पाणी जास्त झालं.
छपाई वाकडी होती तेव्हाच मला शंका आली होती. पाणीही जास्तच झालं असणार.
ताई ओरडली नाही. ओरडली असती तर उत्तरं तयार होती. दोघी मिळून डब्यांत, बादल्यांत, मिळेल त्यात रोपं हलवतायत. एवढ्या उन्हात.

१६ जून
कंत्राटदार येऊन गेला. माना टाकलेली रोपं बघितली आणि दुसऱ्या नर्सरीत गेला. पिशव्या कुणाच्या, हे त्याने विचारलं नाही.
पाण्याचं कारण आईला सांगायचं ठरवून फोन केला होता. माझ्या आधी तीच बोलली, "पिशव्या चांगल्याच होत्या रे. मलाच दिसलं नाही."
ती हॅलो हॅलो करत राहिली. तिला वाटलं फोन कटला. मी कटू दिला.

१७ जून
मॅडमना सांगितलं. "मी सांगितलं होतं ना" असं म्हणतील म्हणून तयारीत होतो. म्हणाल्या नाहीत. खुर्ची पुढे केली. बूट ओले होते म्हणून बसलो नाही.

३० जून
सुट्टी रद्द केली. सुपरवायझरने कारण विचारलं नाही, ओव्हरटाइम लावून दिला. तसा मनाने वाईट नाही.
रेडिओ आज गप्प होता. त्याने स्वतःकडचे थोडे पैसे पुढे केले. नको म्हटलं, मग घेतले.
ताई दवाखान्यात विचारून आली. एका वेळी एकच डोळा करतात. ही पद्धत सगळीकडेच असते, त्यात पैशाचा काही संबंध नाही, असं मी आईला समजावलं. आधी कुठला करायचा, असं ताईने विचारलं तर आई म्हणाली, ज्याने फोनवर त्याचं नाव दिसेल तो.
एका डोळ्यालाही अजून पैसे पुरत नाहीत. पुढच्या महिन्यात टाक्या वाढवून घेईन.
पाठवतोय: नऊ हजार सहाशे.