भट्टीचा अबोला

सोमवार, ९ सप्टेंबर. दुपार.
वादळ झालं. वीज गेली, तासाभरानं आली. दिवे लागले, बरण्या धुण्याचं यंत्र खडखडू लागलं. फक्त आयवारच्या चटणीसाठी मिरच्या भाजायची मोठी भट्टी गप्प. भट्टीचा मेंदू म्हणजे तिचा कंट्रोलर. त्याचं आणि स्क्रीनचं बोलणं तुटलंय. स्क्रीनवर एकच ओळ: संपर्क नाही.

घाबरण्यासारखं काही नाही. अर्ध्या तासाचं काम.

मालक स्तानिमिरना तसंच सांगितलं. ते म्हणाले, वेल्या, अंगणात मिरच्यांचे ट्रक उभे आहेत आणि शुक्रवारी ल्युब्लियानाहून खरेदीवाली बाई येतेय. तिच्या डोळ्यांदेखत माल तयार झाला तर वर्षाचं सगळं आयवार एका दमात जाईल. नाही झाला तर ते आपण दोघांनी पावाला लावून खायचं, मरेपर्यंत. मी म्हटलं, शुक्रवार कशाला, उद्या सकाळची कॉफी तुम्ही भट्टीसमोर पिणार.

कंट्रोलरच्या कपाटातला पिवळा दिवा मार्चपासून पेटलेला असतो. बॅटरी संपत आल्याचा. डोळ्यांना खुपतो म्हणून मीच त्यावर काळी पट्टी चिकटवली होती. त्याचा याच्याशी संबंध नसावा.

संध्याकाळ.
अर्धा तास जरा लांबला. उद्या ताज्या डोक्यानं.

मंगळवार, १० सप्टेंबर.
मालक कॉफी घेऊन आले. भट्टीसमोर उभं राहून प्यायले. रिकामा कप भट्टीवर ठेवून गेले. त्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं.

निदान पक्कं झालं: केबल. नवी टाकली. केबल निर्दोष निघाली. मग जोडणीचा डबा बदलला. तोही निर्दोष. एकेक निर्दोष सुटत जातो, तसा गुन्हेगार जवळ येतो. ही शास्त्रीय पद्धत आहे.

ल्युबिंकाबाई, भाजणी विभागाच्या प्रमुख, डोकावल्या. त्यांचं निदान: वादळात दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या राहिल्या, भट्टीला वाऱ्याचा झोत लागला. म्हणे, "माझ्या मेहुण्याचं तोंड असंच एका रात्रीत वाकडं झालं, इंजिनियर. तोही असाच बघत राहायचा, बोलायचा नाही." मी त्यांना हसून समजावलं की यंत्राला झोत लागत नसतो, ही अंधश्रद्धा आहे.

त्या गेल्यावर खिडक्या लावून घेतल्या. मानेला मफलर गुंडाळला. माझी मान वेगळी, यंत्र वेगळं.

दुपारी बायकांनी शेडमागून कापलेली लोखंडी पिंपं बाहेर काढली, खाली लाकडं पेटवली आणि हातानं मिरच्या भाजायला बसल्या. मालकांना विचारलंही नाही. मी सांगितलं, कशाला त्रास, संध्याकाळपर्यंत भट्टी सुरू होईल. ल्युबिंकाबाई म्हणाल्या, "हो हो. तोवर आपले हात गरम."

बुधवार, ११ सप्टेंबर.
गुन्हेगार सापडला. कंट्रोलरची स्मृती कोरी आहे. वीज जाताच तो सगळं विसरला. भट्टी किती तापवायची, पट्टा किती वेगानं फिरवायचा, एवढंच काय, स्वतःचा पत्तासुद्धा. स्क्रीन बिचारी जुन्या पत्त्यावर हाका मारतेय आणि घरात कुणी नाही. वीज नसताना ही स्मृती बॅटरी सांभाळते. बॅटरी मेलेली.

स्वतःला कठोरपणे विचारलं: वेलिबोर, ही तुझी चूक का? प्रामाणिक उत्तर: अंशतः. दिवा मी झाकला, पण विझवला नव्हता. तो पट्टीखाली आपलं काम करतच होता. शिवाय वादळ मी आणलं नाही.

आता प्रोग्रामची प्रत हवी. ताजी प्रत मी सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली होती, म्हणजे कंट्रोलरमध्येच. आठ वर्षांपूर्वीची एक मात्र पेनड्राइव्हवर आहे. घरी बायकोला, गोर्दानाला, विचारलं. तिनं पोळपाटावरून मान वर केली नाही. म्हणाली, ती प्लास्टिकची काडी ना? आईनं केव्हाच नेली. सरपणाच्या खोलीच्या किल्लीला लावलीय, एप्रनच्या खिशात चटकन हाताला लागावी म्हणून.

दुपारी सासूबाईंच्या, म्हणजे झिव्काबाईंच्या, गावी गेलो. अंगणात त्यांच्या स्वतःच्या मिरच्यांचा डोंगर. मी विषय काढला. त्या म्हणाल्या, "किल्ली देते, जावईबापू. आधी बसा. एवढी टोपली सोला." सोलली. मग दुसरी. मिरची सोलताना पाणी लावायचं नाही, चव जाते, हे मला चार वेळा सांगण्यात आलं. मी इंजिनियर आहे, एकदा सांगितलेलं पुरतं. (तिसऱ्या वेळी पाणी लावलं होतं. थोडंच.)

किल्ली मिळाली. अट एकच: उद्याच्या बसनं परत आली पाहिजे, त्या काडीच्या शेपटासकट, जशी दिली तशी. शेपूट नसेल तर किल्ली सापडत नाही, किल्ली नसेल तर सरपण नाही, सरपण नसेल तर हिवाळाभर जावयाला आयवार नाही. शब्द दिला.

गुरुवार, १२ सप्टेंबर. दुपार.
झालं! लॅपटॉप जोडला, पेनड्राइव्हवरून थेट प्रोग्राम चढवला. तरी संपर्क नाही. मग लक्षात आलं, आठ वर्षांपूर्वी कंट्रोलरचा पत्ता वेगळा होता. तो त्या जुन्या पत्त्यावर बसून शहाण्यासारखी उत्तरं देत होता, आपणच नव्या दारावर धडका मारत होतो. पत्ता बदलला. स्क्रीनवरची ओळ गेली, आकडे पळू लागले. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

पहिल्या मिरच्या भट्टीतून बाहेर आल्या. माझ्या आठ वर्षांतल्या सगळ्या सुधारणा या जुन्या प्रोग्राममध्ये नाहीत. मालकांनी एक मिरची सोलून खाल्ली, डोळे मिटले, म्हणाले, अरे, ही तर पूर्वीसारखी झालीय! काय केलंस? मी विनयानं मान झुकवली. आठ वर्षांपूर्वीचा वेलिबोरही मीच होतो, तेव्हा कौतुक घरातच राहिलं.

मालकांनी घरची फळांची दारू, राकिया, ओतली. उद्या त्या बाईंना आधी भट्टी दाखवायची, मग जेवण. बायकांना म्हणालो, पिंपं आत ठेवा. ल्युबिंकाबाई म्हणाल्या, "ठेवू. आधी थंड होऊ देत, इंजिनियर." काय थंड व्हायचं ते बोलल्या नाहीत.

प्रोग्रामची प्रत लॅपटॉपवर घ्यायची होती. पण तिथले फोल्डर इतके अस्ताव्यस्त! आधी कपाट आवरावं, मग कपडे ठेवावेत. शनिवारी निवांत करीन. बसची वेळ झाली होती. किल्ली पाकिटात घालून ड्रायव्हर मिलेच्या हातात दिली, शेपटासकट. मिलेनं विचारलं, पाकिटात काय, सोनं? म्हटलं, शब्द.

गुरुवार, संध्याकाळ.
घरी निघालो होतो. दारातून परत फिरलो. कपाटात मेलेली बॅटरी तशीच आणि उद्या पुन्हा वीज गेली तर? बेजबाबदार माणूस झोपायला गेला असता. नवी बॅटरी आणवून ठेवली होतीच.

एक पेच. यंत्राच्या पुस्तकात लिहिलंय: बॅटरी बदलताना वीज चालू ठेवा. आणि कपाटाच्या दारावर लाल अक्षरांत लिहिलंय: दार उघडण्याआधी मुख्य स्विच बंद करा. दारावरचं मी लिहिलंय. दुसऱ्यांना नियम सांगायचे आणि आपण मोडायचे, हे मला जमणार नाही. बराच वेळ विचार केला. सुरक्षितता आधी.

स्विच बंद केला. बॅटरी बदलली. नवी लखलखीत. पिवळ्या दिव्यावरची पट्टी समारंभपूर्वक काढली. स्विच चालू केला.

दिवा पेटला नाही. उत्तम.

स्क्रीनवर: संपर्क नाही.

थोड्या वेळानं.
कोरा. पुन्हा. मेलेल्या बॅटरीच्या काळात त्याला विजेचाच आधार होता आणि वीज मी नियमानं बंद केली. पुस्तक बरोबर होतं. माझा नियमही बरोबर होता. दोघांना एकाच वेळी बरोबर असण्याचा अधिकार असावा का, हा तात्त्विक प्रश्न आहे.

सासूबाईंना फोन लावला. उचलत नाहीत. रात्री आठनंतर त्या फोनला भुताटकी मानतात.

शुक्रवार, १३ सप्टेंबर.
भल्या सकाळी पुन्हा फोन. सासूबाई म्हणाल्या, किल्ली पोहोचली, जावईबापू, शब्दाचे पक्के हो. शेपूट परत हवं म्हटलं तर म्हणाल्या, आत्ता जाळ पेटलाय, नंतर बघू. फोन ठेवला.

मालकांना सांगायला अंगणात गेलो. वाक्य तयार होतं: "तत्त्वतः भट्टी दुरुस्त आहे." पण अंगणात पिंपं पेटलेलीच होती. कुणी ती आत ठेवलीच नव्हती. धूर, हशा, सोललेल्या मिरच्यांच्या पराती. ल्युबिंकाबाईंनी माझं तोंड पाहिलं, एक पाट पुढे सरकवला. बसलो. सोलू लागलो. पाणी न लावता.

खरेदीवाल्या बाईंची गाडी थेट अंगणात आली. भट्टीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पिंपाशीच थांबल्या, कोट काढला, पावावर गरम आयवार घेतलं, मग पुन्हा घेतलं. मालकांना म्हणाल्या, सगळीकडे भट्ट्याच बघते मी, हे कुठे बघायला मिळतं? वर्षाचा सगळा माल घेते, पण असाच हवा, पिंपावरचा. आणि माझ्याकडे बोट दाखवून: हा माणूस किती मन लावून सोलतोय बघा.

मालकांनी राकिया ओतली. मलाही. मी कानात सांगितलं, भट्टी बंद पडलीय. ते म्हणाले, "असू दे रे वेल्या. आता घाई नाही."

सगळ्या आठवड्यात एवढं कठोर वाक्य कुणी बोललं नव्हतं.

तसं पाहिलं तर मंगळवारी भट्टी माझ्यामुळे बंद राहिली म्हणूनच पिंपं बाहेर आली. म्हणजे हा सौदा माझाच. मालकांना योग्य वेळी लक्षात आणून देईन.

सोमवार, १६ सप्टेंबर.
भट्टीवर ताडपत्री घातली, तिच्यावर रिकाम्या बरण्यांची खोकी रचली. तात्पुरती, असं ल्युबिंकाबाई म्हणाल्या. शिवाय भट्टीनं झोतही अडतो म्हणे.

मिलेच्या बसमधून सासूबाईंचं पार्सल आलं. आयवारची बरणी आणि शेपूट. सोबत निरोप: किल्लीला आता लाकडाचा तुकडा बांधलाय. तुमची काडी यंत्राच्या तेलानं माखून आली होती, म्हणून साबण घालून एप्रनबरोबर चांगली उकळून काढली. आता अगदी स्वच्छ आहे.

लॅपटॉपला लावून पाहिली. खरंच स्वच्छ आहे.

फोल्डर मात्र सगळे आवरून झाले. नवी बॅटरीही उत्तम आहे, दहा वर्षं सहज टिकेल. तिला सांभाळायला काही नाही, एवढंच.