शिखर उघडलं, तेव्हा मी शेगडीपाशी

अहो,

नमस्कार. देवाच्या कृपेने मी इथे डोंगरावरच्या मुक्कामी खुशाल आहे. जेवण गरम मिळतं, शालही पुरते.

तुम्ही दवाखान्यातून घरी आल्याचा जाऊबाईंचा निरोप मिळाला. जिना चढू नका. रात्री धाप लागते का? मला बरं वाटावं म्हणून खोटं कळवू नका.

तुमच्या जागी फोटो काढायला आले खरी, पण काल फजिती झाली. पावसात तुमचा कॅमेरा गारठला, म्हणून मी तो आत शेगडीजवळ नेला. तेवढ्यात ढग फाटले आणि शिखर लख्ख दिसलं. धावत बाहेर आले, तर काचेवर वाफ! पुसेपर्यंत सगळं पुन्हा झाकलं.

आमच्या गटाचे सर म्हणाले, "काकू, कॅमेरा आहे तो, तान्हं बाळ नव्हे!" सगळे हसले. मीही हसले, पण जेवण अर्धंच ठेवून उठले.

उद्या दुपारी खाली उतरायचं आहे. पहाटेची प्रार्थना मी बाहेर पडवीतच म्हणेन, कॅमेराही तिथेच गारठ्यात राहील. सर म्हणतात, ढग हलायचे नाहीत. मग मीही हलायची नाही. डॉक्टरांनी तुम्हाला डोंगर कायमचा बंद केलाय, तेव्हा ते शिखर मलाच घरी आणायला हवं.

काळजी घ्या.

तुमचीच,
मी