फुल फ्रेम घ्यायचं ठरलंय

आदरणीय दादा,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालूनच हाका माराव्या लागतात, ते कळवा. वहिनींनाही माझा नमस्कार सांगा. इकडे आईंची तब्येत उत्तम आहे. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन तीन आठवडे झाले तरी सकाळी सव्वासहाला आंघोळ करून, घड्याळ लावून तयार बसतात आणि मग कुठं जायचं नाही हे आठवून वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल खुणा करतात. तुमची बहीणही ठणठणीत आहे. कॅमेरा हा एक विषय सोडला तर ती माझ्याशी सगळ्यावर नीट बोलते.

आईंच्या निरोप समारंभाचे फोटो तुम्ही तीनदा मागितलेत आणि मी तिन्ही वेळा 'आज पाठवतो' म्हणालो. ते का आले नाहीत ते सांगायलाच हे पत्र आहे. (फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच प्रश्न विचारता आणि मग माझं उत्तर आधी येतं, हकिकत मागे राहते.) तर सर्वांत आधी निर्णय सांगतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी फुल फ्रेम कॅमेरा घेणार आहे. अगदी पक्कं ठरलंय.

फुल फ्रेम म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही रीळ घालून फोटो काढायचात, त्या रिळावरचा एक चौकोन जेवढा, तेवढा या कॅमेऱ्याचा सेन्सर. माझ्या अकरा वर्षांच्या कॅमेऱ्याचा त्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. लहान सेन्सरला कमी उजेडात नीट दिसत नाही, फोटो दाणेदार येतो, आणि आईंच्या शाळेचं सभागृह तर तुम्हाला माहीतच आहे. सहा दिवे, त्यातले दोन तुम्ही सातवीत असल्यापासून बंद. मागच्या वर्षी तिथं मी आईंचा भाषण करतानाचा फोटो काढला होता. तो बघून त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या तोंडावर वाळू कुणी फेकली?" तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. तुमच्या बहिणीला मी पहिल्यांदा 'फुल फ्रेम घेऊ या का' असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली की दुकानात भिंतभर फ्रेमा टांगल्यात, त्यातलीच एक घे. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाला घरात सहानुभूती मिळणं कठीण असतं.

निरोप समारंभ जवळ आला तेव्हा मी ठरवलं की विकत घेण्याआधी एकदा वापरून पाहू. आमच्या गल्लीच्या टोकाचा फोटो स्टुडिओवाला माझं गिऱ्हाईक आहे. त्यानं मोठ्या मनानं आपला फुल फ्रेम कॅमेरा एका दिवसापुरता दिला, पण नुसती बॉडी. त्याच्या लेन्स दुसऱ्या कामावर गेल्या होत्या. मी म्हणालो, काळजी नको, लेन्स माझ्याकडे आहेत. त्यानं 'चालतील का बघा' असं काहीतरी म्हटलं, पण चोवीस वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरणाऱ्या माणसाला असं विचारणं मला जरा अपमानास्पद वाटलं. घरी येऊन लेन्स लावली, ती खट्कन बसली. कॅमेऱ्यात एक सेटिंग होतं, लहान लेन्स लावली तर सेन्सरचा फक्त मधला भाग वापरायचं. मी ते बंद केलं. पूर्ण सेन्सर मिळत असताना मधला भाग कशाला वापरायचा, असा माझा सरळ हिशेब होता.

समारंभ छान झाला. भाषणं लांबली, पण रडणारे खरे होते. शेवटी सगळा शिक्षकवर्ग पायऱ्यांवर उभा केला. बेचाळीस माणसं. मध्ये खुर्चीवर आई, उजव्या टोकाला उपमुख्याध्यापक (ते आता मुख्याध्यापक झालेत, त्या दिवसासाठी त्यांनी नवा सूट शिवला होता), डाव्या टोकाला आईंच्याच वर्षी नोकरीला लागलेला शाळेचा शिपाई. डोळा लावला तर चित्राचे कोपरे काळे दिसत होते. आता चष्मा लावणाऱ्याचा डोळा कॅमेऱ्याला पुरता टेकत नाही, त्यामुळे त्याला कोपरे दिसत नाहीत, ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना आठवड्यातून एकदा तरी समजावतो. तीच मी स्वतःला समजावली आणि सतरा फोटो काढले. प्रत्येक वेळी उपमुख्याध्यापकांना 'सर, अजून थोडं बाहेर सरका, मोकळे दिसाल' असंही सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी आईंनी गणिताच्या बाईंना आणि उपमुख्याध्यापकांना घरी चहाला बोलावलं होतं. मी टीव्हीला कॅमेरा जोडला. पडद्यावर काळाकुट्ट चौकोन आला आणि त्याच्या मध्ये एक गोल. गोलात पंचवीस-सव्वीस माणसं. माझी लेन्स लहान सेन्सरसाठी बनवलेली होती, तिचा उजेड मोठ्या सेन्सरच्या कडेपर्यंत पोचतच नव्हता. पहिल्या फोटोपासून सतराव्यापर्यंत तोच गोल. शिपाई कुठंच नाही. उपमुख्याध्यापकांचा एक कान आणि नव्या सुटाचा खांदा. तुमची बहीण म्हणाली, "पाइपातून काढलेस का?" गणिताच्या बाईंनी वर्तुळ अगदी अचूक आल्याचं सांगितलं. उपमुख्याध्यापकांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "हा ऑफिसात लावायचा आहे ना? माझ्या खुर्चीसमोर?"

दादा, मला त्या वेळी जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. एकतीस वर्षांची नोकरी, तिचा एकच फोटो भिंतीवर राहणार, आणि तो मी असा काढला. चूक कॅमेऱ्याची नव्हती, माझी होती. हे तुमच्या बहिणीनं नंतर आठ दिवस वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. तिचा मुद्दा असा की अकरा वर्षांत जुना कॅमेरा ज्याला पुरता कळला नाही, त्यानं नवा घेऊन काय करायचं. मुद्दा बरोबर आहे, हे मी तुम्हालाच सांगतो, तिला नाही.

पण त्या सतरांच्या पुढे एक अठरावा फोटो होता. कार्यक्रम संपल्यावर आई दिसेनात. त्यांची पर्स माझ्याकडे होती म्हणून शोधत गेलो. त्या खालच्या मजल्यावर, तिसरीच्या वर्गात होत्या. याच वर्गावर त्यांनी पहिला तास घेतला होता म्हणे. वर्ग रिकामा, खिडकीतून दुपारचा थोडा उजेड, आणि त्या फळा पुसत होत्या. फळ्यावर काही लिहिलेलंही नव्हतं. मी दारातूनच एक फोटो काढला. त्याच्याही कडेला काळं होतं, पण आई बरोबर मध्ये होत्या. वाळू नावाला नाही. उजेडात तरंगणारा खडूचा कण न् कण वेगळा दिसतो, आणि चेहरा असा की जावई झाल्यापासून एकोणीस वर्षांत मी तो पाहिला नव्हता. माझ्यासमोर त्यांचा चेहरा नेहमी हजेरी घेतल्यासारखा असतो.

टीव्हीवर तो आला तेव्हा गणिताच्या बाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. आई टीव्हीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "डस्टर उलटा धरलाय मी." मग चष्मा काढून पुसायला लागल्या. मी धंद्यानं चष्मेवाला आहे. काच स्वच्छ असताना माणूस ती का पुसतो हे मला कळतं.

म्हणून ठरलंय. उपमुख्याध्यापकांना मी दुकानात बोलावून क्षमा मागितली, त्यांच्या चष्म्याच्या सैल काड्या बसवून दिल्या, आणि त्यांनी पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना त्याच कपड्यांत पुन्हा बोलावण्याचं कबूल केलंय. बेचाळीसच्या बेचाळीस. शिपायाला मी स्वतः घरी जाऊन सांगून आलो. या वेळी एकही कान सुटणार नाही. किंमत मी इथं लिहीत नाही, कारण तुमच्याकडे पत्रं मोठ्यानं वाचतात. तुम्ही फक्त एकदा तुमच्या बहिणीला फोन करून 'घेऊ दे त्याला' एवढं म्हणा. ती तुमचं ऐकते, असं तुम्हीच लग्नात मला सांगितलं होतं.

तुमचा,
चष्मेवाला मेहुणा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. आईंच्या माळ्यावर तुमच्या रिळाच्या कॅमेऱ्याच्या तीन लेन्स आहेत. त्या पूर्ण मापाच्या असल्यानं मध्ये एक अडॅप्टर लावला की फुल फ्रेमवर चालतात. त्या घेऊ का? (काल घेतल्या. एकीत बुरशी आहे, ती आधीपासून होती.)

पुन्हा ता. क. तुमच्या बहिणीनं पत्र वाचलं. ती म्हणते की ज्याचं खरंच ठरलेलं असतं तो दुकानात जातो, चार पानी पत्र लिहीत नाही. आणि लग्नात तुम्ही जे सांगितलंत ते तेव्हाही खरं नव्हतं.

शेवटचं ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी शुद्धलेखनासाठी आईंकडे दिलं. त्यांनी अकरा चुका काढल्या आणि कपाटातून एक खोकं आणून टेबलावर ठेवलं. आत फुल फ्रेम कॅमेरा, सोबत पूर्ण मापाची लेन्स. त्यांनी सकाळीच स्टुडिओवाल्याला दुकानात घेऊन जाऊन तो आणला, त्याच्याकडे शिकायचीही वेळ ठरवली, मंगळवार आणि शुक्रवार. मला वाटलं माझ्यासाठीच, म्हणून हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "तो माझा आहे. रविवारचा फोटो मी काढणार."

मी म्हणालो, आई, तुम्हीच काढलात तर फोटोत मधोमध कोण बसणार?

"एकतीस वर्षं मीच बसले. आता मला ते सगळे समोरून बघायचेत."

मग माझं काय काम, असं मी विचारलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुम्ही माझ्या शेजारी उभे राहा आणि सगळ्यांना हसवा. ते तुम्हाला जमतं."