बाबांकडे उरलेला शब्द

३ मार्च
बाबांना आज हॉस्पिटलातून घरी आणलं. उजवा हात, उजवा पाय अजून साथ देत नाहीत. बोलणं गेलंय. म्हणजे अगदी सगळं नाही, एक शब्द राहिलाय. "उद्या." पाणी हवं का? उद्या. उशी वर करू का? उद्या. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाच्या झटक्यानंतर असं होतं. त्यांना कळतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. जो एक सापडतो तोच बाहेर पडतो, त्याच्या अर्थाकडे बघू नका.
जन्मभर कापडाच्या दुकानात उभं राहून नुसत्या बोलण्यावर तागेच्या तागे खपवलेला माणूस.
ताईचा फोन. तिला बाबांना तिच्याकडे न्यायचंय. मी म्हटलं, अगं, माणसांनी माणसांशी कसं बोलावं हे शिकवायला कंपन्या मला बोलावतात. बाबांना माझ्यापेक्षा योग्य जागा कुठली? ताईनं फोन ठेवला. पटलं असावं.
संकल्प: महिनाअखेर बाबांचं एक पूर्ण वाक्य.

४ मार्च
प्लॅन तयार. माझ्या वर्कशॉपची पहिली स्लाइडच कामाला आली. संवादाचे प्रकार चार: शाब्दिक, लेखी, दृश्य आणि देहबोली. एकेक करून चारही वापरायचे. एखादा तरी लागू पडणारच. लोक उगाच घाबरतात.

६ मार्च
शाब्दिक. सकाळी बाबांच्या समोर खुर्ची घेऊन बसलो, डोळ्यांत डोळे घालून, स्पष्ट उच्चारांत बोललो. माझ्या कामाबद्दल, गेल्या वर्षीच्या कॉन्फरन्सबद्दल, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या त्याबद्दल. बाबा आधी ऐकत होते, मग खिडकीकडे बघत होते, मग झोपले.
माणूस सुरक्षित वाटल्याशिवाय झोपत नाही. चांगली सुरुवात.

९ मार्च
स्पीच थेरपिस्ट बाई येऊन गेल्या. वय फार तर तिशी. मला म्हणाल्या, एक प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा. त्यांना वेळ लागतो. तुम्ही मध्ये बोललात की हाताशी आलेला शब्द सुटतो.
मी त्यांना समजावून सांगितलं की मोठ्या माणसांना शिकवण्याचं एक वेगळं शास्त्र असतं. बराच वेळ सांगितलं. त्या घड्याळ बघत होत्या. पुढच्या घरी जायचं असेल.

११ मार्च
लेखी. पाटी आणली, डाव्या हातात खडू दिला. बाबांनी बराच वेळ खडू पाटीवर नुसता टेकवून ठेवला. मग एक रेघ ओढली. मी म्हटलं, वा, छान, हा 'क' होणार बहुतेक. मग त्यांनी खडू टाकून दिला आणि तोंड भिंतीकडे केलं. डोळे पुसायला सवयीनं उजवा हात उचलायला गेले, तो हलला नाही.
बायको म्हणाली, झटक्यात लिहिणंही जातं, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना. मला आठवत नाही. डॉक्टरांनी नीट कम्युनिकेट करायला हवं.

१४ मार्च
दृश्य. यात मात्र आपला हात धरणारा कोणी नाही. स्वतः तक्ता बनवला, लॅमिनेशन करून आणला. पाणी, जेवण, बाथरूम, टीव्ही, झोप, फिरायला जाणे. चित्रावर बोट ठेवायचं, बस. एक चित्र खास माझ्या स्लाइडमधलं घातलं: पिवळी वीज. म्हणजे उत्साह, ऊर्जा.
बायकोनं विचारलं, 'दुखतंय' कुठे आहे? तिला सांगितलं, नकारात्मक पर्याय समोर ठेवले की माणूस तेच निवडतो. ती मेडिकलच्या दुकानात काम करते. दिवसभर आजारीच लोक बघते, त्यामुळे दृष्टी तशी झालीये.
बाबांनी पहिल्याच दिवशी 'पाणी'वर बोट ठेवलं. मी पाणी दिलं. ते प्यायले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून थोडं रडलो. आनंदानं.

१७ मार्च
पायाचं ब्रेस आलं. पाऊल लोंबकळू नये म्हणून प्लास्टिकचा साचा असतो, पोटरीपासून तळव्यापर्यंत. आत मोजा, वर बूट. बसवणारा माणूस म्हणाला, रोज संध्याकाळी काढून पाय नीट बघायचा. साखर आहे, जपा. बायको म्हणाली, ते मी बघते. मी म्हटलं, नको, हे बापलेकाचं काम. मीच घालणार, मीच काढणार. रोज घरातल्या घरात चार फेऱ्या.

१९ मार्च
फेऱ्या सुरू. माझ्या खांद्यावर त्यांचा डावा हात. ते थांबले की मी म्हणतो, अजून एक. ते म्हणतात, उद्या. मी म्हणतो, उद्या नाही, आज. दोघंही हसलो. म्हणजे मी हसलो. त्यांचा चेहरा अजून एकाच बाजूनं हलतो, कळत नाही.
ब्रेस घालणं-काढणं म्हणजे अर्ध्या तासाची उस्तवार. रात्री पण राहू दिलं. पायाला सवय होईल.

२१ मार्च
मोठी बातमी. बाबांनी आपणहून तक्ता ओढून घेतला आणि विजेवर बोट ठेवलं. उत्साह! मी पुन्हा विचारलं, पुन्हा वीज. तिसऱ्यांदा तर बोट असं दाबलं की तक्ता वाकला. ताईला लगेच फोन करून सांगितलं. तिनं विचारलं, वीज म्हणजे काय रे? मी म्हटलं, एनर्जी. ती म्हणाली, त्यांना माहितीये का ते? हा काय प्रश्न झाला?
आज सहा फेऱ्या.

२३ मार्च
देहबोली. फेऱ्यांच्या वेळी बाबांचं नीट निरीक्षण केलं. कपाळाला आठ्या, दात आवळलेले, माझ्या खांद्यावरची पकड घट्ट. ही सगळी निर्धाराची लक्षणं. हाच फोटो वर्कशॉपमध्ये दाखवावा असं मनात आलं.
बायको म्हणाली, मला वाटतं त्यांना दुखतंय. मी म्हटलं, 'मला वाटतं' हाच संवादाचा शत्रू. आपण अंदाज बांधतो, समोरच्याला विचारत नाही. मी विचारतो. मग तिच्यासमोरच विचारलं, बाबा, दुखतंय का? ते म्हणाले, उद्या. आणि पुन्हा उद्या, उद्या, उद्या, ओरडूनच.
तिला म्हटलं, बघ. आज नाही दुखत.
ती उठून स्वयंपाकघरात गेली. जेवताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मौन हाही संवादाचाच प्रकार आहे, पण त्यात दोघांनी भाग घ्यावा लागतो.

२५ मार्च
बाबा आज उठायलाच तयार नाहीत. जेवण नको, टीव्ही नको. अंग कोमट लागलं. सुधारणेच्या वाटेवर असा एक सपाट टप्पा येतो, मी लोकांना नेहमी सांगतो. संध्याकाळी प्रेरणादायी भाषणं लावून दिली.

२६ मार्च
ताई न सांगता आली. पिशवी दारातच टाकली आणि पलंगाशी जमिनीवर बसली. काही विचारलं नाही. बाबांचा हात धरून नुसती बसली. मी चहा घेऊन आलो तरी तशीच. बाबा म्हणाले, उद्या. ताई म्हणाली, हं. ते पुन्हा तेच म्हणाले, जरा हळू आवाजात, पायाकडे बघत. ती म्हणाली, पाय का? आणि बूट काढायला लागली. मी म्हटलं, अगं, थांब, त्याची एक पद्धत आहे.
मोजा टाचेला चिकटला होता. पाण्यानं भिजवून काढावा लागला. मग वास आला.
ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बाबांना म्हणाली, किती दिवस सांगताय हो तुम्ही. बाबा लहान मुलासारखे रडायला लागले. तक्ता उशाशी पडला होता. त्यांनी डाव्या हातानं तो ओढला आणि तिला वीज दाखवली.
मी तिला सांगायला लागलो की त्याचा अर्थ… मग थांबलो.

२८ मार्च
हॉस्पिटल. टाचेचं ऑपरेशन झालं, सडलेला भाग काढला. पाय वाचेल म्हणतात, चालण्याचं आता बोलू नका.
ब्रेस मापाचं नव्हतं. हे लिहून ठेवतो. बनवणाऱ्यानं माप नीट घ्यायला हवं होतं. आणि साखर असली की पायाची जाणीव कमी होते, म्हणजे तसं फार दुखलंही नसेल. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जाणीव चांगली आहे यांना.

१ एप्रिल
आज एका कंपनीत ठरलेलं वर्कशॉप होतं. विषय 'ऐकण्याची कला'. केलं. लोकांना आवडलं. शेवटी एका मुलीनं विचारलं, सर, घरच्यांचं ऐकणं जास्त अवघड असतं का? मी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही.

५ एप्रिल
बाबांना ताई घेऊन गेली. मी म्हटलं, हे तात्पुरतं. तीही म्हणाली, हो, तात्पुरतं. गाडीत बसवताना बाबांनी माझ्या शर्टाची बाही धरली, सोडेनात. मी म्हटलं, येतो मी भेटायला, काळजी करू नका, तिथे हवा चांगली आहे, ताईचं ऐका, गोळ्या वेळेवर घ्या. ते म्हणाले, उद्या.
मी म्हटलं, उद्या नाही जमणार, शनिवारी येतो.

११ एप्रिल
शनिवार. जमलं नाही. पुढच्या आठवड्यात नक्की.
बायकोनं बाबांच्या पलंगावरची चादर धुवायला काढली आणि दुसरी घातली. मी विचारलं, आता कशाला? ती म्हणाली, रिकामा पलंग बघवत नाही. आम्ही दोघं थोडा वेळ त्यावर बसलो. मी एक-दोन विषय काढले.

१९ एप्रिल
ताईला फोन केला. म्हणाली, बाबा इथेच बसलेत, बोल त्यांच्याशी. फोन त्यांच्या कानाला लावला. पलीकडून नुसता श्वास येत होता. मला ते सहन होईना, म्हणून सुरू झालो. पायाचं विचारलं. इथलं सगळं ठीक आहे म्हटलं. पंखा दुरुस्त करून घेतला, पुढच्या महिन्यात दोन वर्कशॉप आहेत, शनिवारचं राहून गेलं, पण या वेळी पक्कं, अगदी पक्कं. मध्ये काहीतरी खरखरलं. मी आवाज चढवला.
मग ताई फोनवर आली. रडत होती. म्हणाली, ऐकलंस ना? वेगळा शब्द बोलले. पहिल्यांदाच बोलले रे. तू बोलत होतास तेव्हा दोनदा बोलले.
मी म्हटलं, हो, ऐकलं.
ती म्हणाली, तुझ्यासाठीच ठेवला होता बघ.
फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, काय म्हणाले बाबा?
ऐकलं म्हणून सांगून बसलोय, आता कोणता शब्द ते ताईला विचारता येत नाही.