बाबांच्या पँटची पिशवी

सावली,
१४ नोव्हेंबर १९८६

प्रिय सीता,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, नाहीतर हात धजत नव्हता. तुझ्या गेल्या पत्रात ऊर्जानगरच्या क्वार्टरचे नवे पडदे, महिला मंडळाची सहल, सगळं आलं. आणि शेवटी, जागा उरली म्हणून की काय, एक ओळ: मायची पिशवी जुन्या कपड्यांत भांडेवालीला दिली, बदल्यात स्टीलचा छान डबा आला.

जुना कपडाच होता तो, खरं आहे. बाबांची लाकूड डेपोवरच्या चौकीदारीची खाकी पँट. मायच्या डोळ्यांपुढे नुसता उजेड-अंधार उरला त्या वर्षी मी ती उसवली. पट्टा तळाखालून फिरवून वर आणला, म्हणजे ओझं शिवणीवर येत नाही. आत तीन कप्पे केले आणि काठांना जाड दोऱ्याच्या गाठी मारल्या. एक गाठ बटाट्याची, दोन कांद्याच्या, तीन टमाटरच्या. हिरव्या सांबाराची, तुझ्या शेजारणींच्या भाषेत कोथिंबिरीची, जुडी चेंगरू नये म्हणून बाबांचाच खिसा बाहेरून ठेवला. तू हसली होतीस. माय मात्र गाठी चाचपत एकटी बाजार करायची आणि घरी येऊन कुणाला न विचारता भाजी चिरायला बसायची.

तुझ्या शेजारणींच्या हातात फुलाफुलांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि तुझी माय पँटची पिशवी घेऊन चालते, याची तुला लाज वाटली. तसं तू लिहिलं नाहीस, पण मी तुला पाळण्यापासून ओळखते. तिलाही तसलीच पिशवी दिलीस. टमाटर खाली, बटाटे वर, घरी येईतो चटणी. मग म्हणालीस, तू बस माय, मी आणते. तीन आठवडे म्हातारी खाटेवर बसून आहे. तू त्याला सेवा म्हणत असशील, मी कैद म्हणते.

हे मला कसं कळलं? आज दुपारी माय इथे एसटीतून उतरली. एकटी. तू मंडळात गेली होतीस म्हणे. चंद्रपूरला लोकांना विचारत तिने गाडी बदलली. स्टँडवरून किराणावाले बाबूभाई हात धरून घरी घेऊन आले. काखेत तुझा डबा होता. तो माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "याच्यात बाजार नाई मावत. मले पिशवी शिवून दे."

बाबूभाई संध्याकाळच्या गाडीने चंद्रपूरला माल आणायला निघालेत, त्यांच्याच हाती हे पत्र आणि तुझा डबा पाठवते. तोवर तू घरोघरी विचारत फिरत असशील. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी आमच्या यांची जुनी पँट उसवायला घेतली आहे. माय समोर बसून काठाला गाठी मारते आहे, या वेळी चार. चौथी कशाची विचारलं, तर म्हणाली, वांग्यांची, सीताले आवडते. मी तिला इथेच ठेवून घेणार होते, सीते. खोलीही झाडून ठेवली. पण पिशवी झाली की ती तुझ्याकडेच परत यायचं म्हणते. मला तिने एवढंच लिहायला सांगितलं होतं, की माय सुखरूप आहे. बाकीचं सगळं माझं आहे.

तुझीच, तोडता येत नाही म्हणून,
ठमाताई