झाकणावरची बोटं

बाळ झोपलंय तोवर लिहितेय. उठलं की ताईकडे जाते. घरात वास कोंडलाय.

सकाळी संडासातलं पाणी उलटं वर आलं, म्हणून टँकर बोलावला. सेप्टिक टाकी काठोकाठ भरलेली. टँकरवाला म्हणाला, "वहिनी, ही घर बांधल्यापासून उघडलेलीच नाही." मी म्हटलं, "असं कसं? लेक झाली त्याच दिवशी तर उपसली!"

त्या दिवशी तू दवाखान्यात आला नाहीस. टाकी उघडी टाकून कसा निघू, म्हणालास. मला पटलंही होतं.

पण डास येतात म्हणून झाकणाची फट मीच सिमेंटने बुजवली होती, बाळंतपणाला माहेरी जायच्या आधी. माझ्या बोटांचे ठसे आजही जसेच्या तसे होते. टँकरवाल्याने ते आज पहारीने फोडले.

आता फट परत बुजवलीय. सिमेंट ओलं आहे, पाय देऊ नकोस. संडासात फिनाईल ओतू नकोस. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

फोन करू नकोस. ताईकडे ये, लेकीला मांडीवर घे आणि मग सांग, त्या दिवशी कुठे होतास.